पाणी सोडणाऱ्याचा पगार

काका: ...म्हणून म्हणतो, सगळे पैसे एकाच पिशवीत कोंबून माझ्यापुढे ओतू नका. पैसा दिसायला सारखाच, पण कर लावणारा आधी विचारतो, आला कुठून? आणि वहिनी, चहाचं विचारलं नाही म्हणून राग मानू नका. आज नळाला थेंब नाही.

आई: कुणाकडेच नाही आलं. येताना बघितलं, लोक बादल्या घेऊन दारात उभे होते.

मुलगा: आई, पाण्याचं राहू दे. काका, तुम्ही फॉर्म भरा ना. भाडं, व्याज, विमा आणि पेन्शन. चार आकडे टाकायचे, असा किती वेळ लागतो?

काका: तुझ्या बाबांना एका पगाराचा फॉर्म भरायला अख्खी दुपार लागायची. माझा दोस्त, पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, पण या खुर्चीत बसला की न्यायाधीश. ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही नाही. मी म्हणायचो, अरे, इतकी वर्षं तुझा कर मी बघतोय, कधी फसवलं का? तर म्हणायचा, तू नाही, पण कागद फसवतो. वहिनी, पिशवी जड दिसते. ठेवा की त्याच्याच खुर्चीवर.

आई: ठेवते.

मुलगा: काय आणलंयस त्यात? लोखंडासारखं वाजलं.

आई: आणलंय काहीतरी. भाऊजी, तुम्ही मला नीट समजावून सांगा. आजवर ह्यांनीच सगळं बघितलं. मी कधी विचारायला गेले नाही.

काका: मग ऐका. माझी एक युक्ती आहे. प्रत्येक रकमेला विचारायचं, बाई गं, तू कशाबद्दल आलीस? तुमची पुढची खोली चष्मेवाल्याला दिलीय. त्याचे पैसे जागेबद्दल आले. ते घरभाड्याच्या खान्यात. त्यातून डागडुजीसाठी म्हणून ठरावीक हिस्सा वजा होतो, उरलेल्यावर कर.

आई: आम्ही डागडुजी केलीच नाही यंदा.

काका: नाही केली तरी होतो. सरकारला तुमच्या भिंतींची तुमच्यापेक्षा जास्त काळजी. आता हे मुदत ठेवीचं व्याज. हे पैसे पैशाबद्दल आले. बसल्या जागी वाढले, तुमचं बोटही हललं नाही. म्हणून त्यात डागडुजी नाही की काही नाही, जसंच्या तसं 'इतर उत्पन्ना'त जातं. बँकेने थोडा कर आधीच कापलाय, तो हिशेबात वळता होईल.

आई: आणि विम्याचे?

काका: ते माणूस गेल्याबद्दल आले. त्याला कुणी हात लावत नाही. पण तेच तुम्ही बँकेत ठेवलेत, त्यावर जे व्याज आलं, त्याला मात्र लावतात.

आई: म्हणजे दुःखावर नाही, त्याच्या व्याजावर.

काका: असंच काहीसं. आता राहिलं पेन्शन.

मुलगा: ते पण 'इतर उत्पन्ना'त. पगारात नाही. मी वाचलंय, त्यातला काही भाग सुटतो. टाका तिथे आणि मोकळे व्हा.

काका: अरे वा, माझं दुकान बंद करायला निघालास. पण बरोबर आहे. तो निवृत्त होऊन घरी बसला असता, तर त्याचं पेन्शन पगारात धरलं असतं. तो गेल्यावर बायकोला मिळतं ते कुटुंबाचं पेन्शन, ते वेगळ्या खान्यात.

आई: पैसे तेच ना? मग खाना का बदलतो?

काका: कारण कशाबद्दल आले ते बदललं. त्याचं पेन्शन त्याच्या राबण्याबद्दल. तुमचं, तो नसण्याबद्दल.

आई: मग भाऊजी, हे पेन्शन नाही.

मुलगा: आई.

आई: तू ज्यातून दुकानाचा हप्ता भरतोस ते पेन्शन नाही. पगार आहे.

मुलगा: काका, तिचं मनावर घेऊ नका. बाबा गेल्यापासून ती असंच काहीतरी बोलते.

काका: थांब जरा. बँकेचा उतारा इकडे दे. बोट काढ त्यावरचं, मला वाचता येतं. हं. पाणीखातं, पाणीखातं, पाणीखातं... वहिनी, हे गेल्या पावसाळ्यापासूनचं आहे. तो तर त्याच्याही आधी गेला.

आई: हो.

काका: आणि हे वरखाली का होतंय? पेन्शन सपाट असतं, वरवंटा फिरवल्यासारखं. इथे या महिन्यात रक्कम एकदम फुगलीय.

आई: त्या महिन्यात टाकीखालची मोठी पाइपलाइन फुटली होती. दिवस दिवस काम चाललं. ते जादा कामाचे.

काका: कुणाच्या जादा कामाचे?

आई: ह्यांच्या.

काका: ...लेका, तू बोल. आणि खरं बोल. तुझ्या बाबांना शेवटचं पोचवायला मी होतो. मला भुताखेताच्या गोष्टी सांगू नकोस.

मुलगा: मी कुठे भुताच्या गोष्टी सांगतोय? सिस्टीमची चूक आहे. मी मृत्यूचा दाखला घेऊन गेलो होतो पाणीखात्यात. तिथला कारकून हसला मला. म्हणाला, कुणाच्या वडिलांचा दाखला आणलास? यांची तर आज सकाळची हजेरी आहे. तिकडे हजेरीची वही नसते, काका. भागात पाणी सुटलं, दाब बरोबर दिसला, की त्या माणसाची हजेरी लागते. आणि पाणी तर रोज सुटतच होतं.

काका: सुटतच होतं. म्हणजे कुणीतरी सोडत होतं. मग तू काय केलंस?

मुलगा: दाखला परत घेऊन आलो.

काका: शाबास.

मुलगा: काका, छपाईचं दुकान तेव्हाच टाकलं होतं. यंत्राचे हप्ते, जागेचं भाडं. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. म्हटलं, एखादा महिना चूक चालू राहिली तर कुणाचं काय बिघडतं? मग दुसरा महिना आला.

काका: अरे, हे परत करावं लागेल. वर दंड बसेल. मेलेल्या माणसाचा पगार खाणं याला चूक नाही म्हणत. वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही...

आई: भाऊजी, काम झालंय. फुकटचा एक पैसा नाही त्यात.

काका: कोणी केलंय काम?

आई: आमच्या गल्लीला पाणी कधी येतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?

काका: सगळ्यांच्या शेवटी. त्यावरून किती भांडलोय मी त्याच्याशी. म्हटलं, स्वतःच्या बायकोला तरी वेळेवर पाणी दे. म्हणायचा, आपल्या गल्लीला आधी सोडलं तर लोक म्हणतील, चावी ह्याच्या हातात आहे.

आई: अजून शेवटीच येतं. दुसऱ्या कुणाला काय पडलंय आमची गल्ली शेवटी ठेवायची? आणि व्हॉल्व्ह खोलायच्या आधी रस्त्यातल्या त्याच्या झाकणावर दोनदा ठोकायची सवय होती त्यांना. आत उंदीर-साप असला तर बाजूला व्हावा म्हणून. रोज पहाटे ऐकते मी ते. आधी लांबून, मग शाळेपाशी, मग तुमच्या कोपऱ्यावर, मग आमच्या दाराशी. दोनदा. मग नळ खोकतो.

काका: नवीन माणसाला जुन्या लोकांनी शिकवलं असेल.

मुलगा: नवीन माणूस नेमलाच नाही, काका. नेमतील कशाला? त्यांच्या लेखी जागा भरलेलीच आहे.

आई: व्हॉल्व्हची चावी दाराच्या मागे खिळ्याला होती. लांब दांड्याची, आडव्या मुठीची. ह्यांना पहाटे निघावं लागायचं म्हणून ती घरीच असायची. ते रस्त्यावर पडले तेव्हा ती हातातच होती, ती मला आणून दिली लोकांनी. मी पुसून खिळ्याला लावली. त्यांच्या हाताची वस्तू, म्हटलं, राहू दे. पंधरवड्याने बघते तर ती ओली. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. मला वाटलं भिंतीला ओल आली.

मुलगा: मी भिंत तपासली होती. कोरडी होती.

आई: तू तपासलीस आणि गप्प बसलास. मीही गप्प बसले. मला बरं वाटायचं, भाऊजी, खोटं कशाला सांगू. पहाटे ठोकलेलं ऐकू आलं की वाटायचं, आहेत. एवढ्यावर माझा दिवस जायचा.

काका: वहिनी, तुम्ही एकट्या पडलात. मनाला काहीही ऐकू येतं.

आई: मग हा महिना बघा. इथे रक्कम कमी झालीय.

काका: झालीय. एका दिवसाची कापलेली दिसते. बिनपगारी.

आई: आठवा. त्या दिवशी भागात कुठेच पाणी नव्हतं. आजच्यासारखं.

काका: हो, आठवतं. आमच्याकडे पाहुणे होते, फजिती झाली होती. पण तो तर ढीगभर रजा शिल्लक ठेवून गेला. बिनपगारी कशी कापली?

आई: अर्ज न करता राहिले म्हणून. कसा करणार अर्ज? त्या दिवशी माझं पोटाचं ऑपरेशन होतं.

मुलगा: आई, नको.

आई: याचा पाळणा हलला तेव्हा ते कामावर. सासूबाई गेल्या तेव्हा पाणी सोडून मग आले. कधी रजा घेतली नाही त्यांनी, तुम्ही साक्षीदार आहात. त्या दिवशी मला ऑपरेशन करून बाहेर आणलं आणि मी फार घाबरले होते. गुंगीत डोळे उघडत नव्हते. कुणीतरी माझा हात धरला होता. दिवसभर सोडला नाही. मला वाटलं, हा आहे.

मुलगा: मी दुकानात होतो, काका. मोठी ऑर्डर होती. संध्याकाळी गेलो तर ही म्हणाली, दिवसभर बसलास, आता घरी जा. मी... मी हो म्हणालो.

आई: तुझे हात गरम असतात रे, लहानपणापासून. तो हात गार होता. ओला. आणि लोखंडाचा वास येत होता त्याला. नर्सने चादर बदलली, म्हणाली, इथे पाणी कुणी सांडलं?

काका: इतकी वर्षं लोकांचं उत्पन्न खान्यात बसवतोय. हे कुठे बसवू?

आई: तेच विचारायला आले मी. मला खात्री करून घ्यायची होती. हे भाडं असतं, व्याज असतं, तर डोळे मिटून घेतलं असतं. कुणाला त्रास नाही त्यात. बक्षीस असतं तरी घेतलं असतं. पण तुम्हीच आता सांगितलंत, पगार कशाबद्दल येतो ते.

काका: राबण्याबद्दल.

आई: म्हणजे ते राबताहेत. जाऊनसुद्धा. आणि आम्ही बसून खातोय.

मुलगा: मी काय चैन करतोय का आई? दुकान उभं राहावं म्हणूनच ना! बाबा जन्मभर माझ्यासाठीच राबले. त्यांना विचारलंस तर म्हणतील, चालेल मला.

आई: म्हणतीलच. त्यांना सगळं चालायचं. म्हणून तर त्यांना विचारायचं नाही.

काका: वहिनी, एक आठवलं. तो इथे बसून नेहमी कुरकुर करायचा. सगळ्यांची ड्यूटी सुटते, म्हणायचा, आमची सुटत नाही. पाणीखात्यात चावी जमा केली की माणूस मोकळा. तोवर तो कामावर. आजारी असो, घरी असो, कुठेही असो, चावी त्याच्याकडे तर काम त्याचं. मी चेष्टा करायचो, मग गळ्यात बांधून ठेव म्हणून.

आई: मला हे नव्हतं माहीत.

काका: ती चावी तुम्ही खिळ्याला लावलीत...

आई: आठवण म्हणून. मीच त्यांना कामाला जुंपून ठेवलं.

काका: तुम्हाला काय ठाऊक.

आई: ठाऊक नसलं तरी जुंपलंच ना.

मुलगा: एक मिनिट. आई, त्या पिशवीत ती चावी आहे का?

आई: हो.

मुलगा: कधी काढलीस खिळ्यावरून?

आई: काल झोपताना. भाऊजींना दाखवायची म्हणून पिशवीत घातली आणि उशाशी घेऊन झोपले.

काका: आणि आज पाणी आलं नाही.

आई: पहाटे जाग आली. घरात कुणीतरी चालत होतं. मग दाराच्या मागे भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज. वर, खाली, परत वर. खिळा सापडत होता, चावी सापडत नव्हती. मी डोळे मिटून पडून राहिले. पिशवीचे बंद मुठीत धरून.

मुलगा: मला वाटलं तू उठलीस. मी हाक मारली, आई, काय शोधतेस? तर आवाज थांबला. आणि मग...

आई: मग काय?

मुलगा: काही नाही. कुणीतरी माझं पांघरूण सारखं केलं. मला वाटलं तूच. सकाळी पायथ्याशी ओलं होतं.

काका: बाबांनो, थांबा, दाराला कडी लावून घेतो.

आई: लावा. मग मला सांगा, चावी जमा केली की काय होईल?

काका: कागदावर सांगतो, तेवढंच मला येतं. चावी जमा, म्हणजे नोकरी संपली. पगार त्या दिवसापासून बंद. मग दाखला द्यायचा, झालं ते सरळ सांगायचं. मधले पैसे ते मागतील. काम झालंय असं आपण म्हणू, पण कुणी केलं ते कोण लिहून देणार? हप्त्याहप्त्याने फेडावे लागतील. पुढे तुमचं पेन्शन सुरू होईल, ते पगाराहून पुष्कळ कमी. ते 'इतर उत्पन्ना'त.

मुलगा: म्हणजे दुकान गेलं.

काका: दुकान जाईल असं मी म्हटलं नाही. यंत्र एकच ठेव, दुसरं विक. विकण्यात नफा होणार नाही तुला, त्याच्या कराची काळजी नको.

मुलगा: चेष्टा सुचतेय तुम्हाला.

काका: चेष्टा नाही रे. घाबरलो की मी असंच बोलतो.

आई: आणि ह्यांची शिल्लक रजा?

काका: रजा दोन प्रकारे संपते. भोगायची, नाहीतर विकायची. विकली तर वारसांना पैसे मिळतात.

मुलगा: किती मिळतील?

आई: नाही विकायची. ती त्यांची आहे.

मुलगा: आई, त्यात अर्धं कर्ज फिटेल.

आई: फिटू दे, नाही फिटलं तरी. माझ्या बांगड्या घे, पुढची खोली घे. पण त्यांची रजा नाही. तू माझा मुलगा आहेस, पण त्याच्या आधी मी त्यांची बायको आहे. जन्मभर एक दिवस मागितला नाही मी त्यांच्याकडे. ऑपरेशनचा तेवढा एक दिला, त्याचाही पगार कापला गेला.

काका: पण वहिनी, पहाटेचं ते ठोकणं... तेही थांबेल.

आई: थांबेल. माहीत आहे मला. रडू येईल मला, त्याचं काय एवढं.

(बाहेर, रस्त्यावरच्या लोखंडी झाकणावर दोनदा ठोकल्याचा आवाज.)

काका: हे... हे आमच्या दाराशीचं झाकण आहे.

मुलगा: खिडकीतून दिसतंय. कुणी नाही. काका, रस्ता कोरडा आहे आणि झाकण ओलं आहे. पायरीही.

काका: पायरी?

मुलगा: पावलं आहेत. एवढीच, इथपर्यंत. पुढे दार आहे.

आई: दरवर्षी याच दिवसांत यायचे ना तुमच्याकडे, सहीला? वाट ठाऊक आहे त्यांना. चावी शोधत आलेत.

काका: दार आपोआप उघडलं! मी कडी लावली होती, वहिनी. मी स्वतः लावली होती.

आई: राहू दे उघडं. तू ती पिशवी उचल त्या खुर्चीवरून. त्यांची खुर्ची आहे.

मुलगा: उचलली. आई, ही ओली झालीय. आत्तापर्यंत कोरडी होती.

आई: धर घट्ट.

मुलगा: ओढतंय कुणीतरी. हळू ओढतंय. मी लहान असताना माझ्या हातातून कात्री काढून घ्यायचे, तसं.

काका: लेका, सोडून दे ती. नेऊ दे.

मुलगा: सोडली तर उद्या पाणी येईल. पगारही येईल. सगळं पहिल्यासारखं.

आई: येईल. मी तुला काही म्हणणार नाही. तुझं तू ठरव.

मुलगा: बाबा. बाबा, नाही देत मी. आता मी जमा करतो ती. दुकानाचं मी बघतो, होईल ते होईल. तुम्ही नका करू आता.

काका: अजून ओढतंय?

मुलगा: आई, सोडली. त्यांनी सोडली.

काका: वहिनी, खुर्ची वाजली.

आई: वाजू दे. भाऊजी, कोरा कागद घ्या आणि रजेचा अर्ज लिहा, सगळ्याच्या सगळ्या रजेचा. अहो, तुम्ही पाय वर घेऊन बसा जरा. आज सुट्टी आहे तुम्हाला.